उपवासाचा हिशेब

रविवारी महाशिवरात्र झाली. आज, 18 फेब्रुवारी 2026 रोजी, ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार आहे आणि रमजानचे रोजेही याच आठवड्यात सुरू होत आहेत. तीन धर्मांचे पुणेकर एकाच आठवड्यात पोटाला चिमटा काढत आहेत. या शहराला उपवास नवा नाही. तो कशासाठी करायचा, हे मात्र दर वर्षी नव्याने विचारावे लागते, आणि ख्रिस्ती उपवासकाळाच्या परंपरेत त्याचे एक रोखठोक उत्तर आहे.

झावळ्यांच्या रविवारी देवळात मिळालेल्या झावळ्या कॅथॉलिक घरांत वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवतात. वाळून कडक झालेल्या त्या झावळ्या परत आणून जाळतात, राख चाळून घेतात आणि धर्मगुरू ती अंगठ्याने कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात. माणूस मातीचा आणि मातीलाच मिळणारा, याची ती आठवण. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी जागा दिली, त्यावर 1792 साली उभ्या राहिलेल्या क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्येही आज हाच विधी आहे. ईस्टर 5 एप्रिलला. तोवर 46 दिवस होतात. त्यांतले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की, येशूने अरण्यात उपाशी काढले तितके 40 दिवस उरतात.

या काळात धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, उपासनेत ‘आलेलुया’ म्हणत नाहीत, लग्नाचे बार सहसा उडत नाहीत. शुक्रवारी चौदा स्थानांवर थांबत क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. सगळ्यांची रीत मात्र एक नाही. पुण्यातल्या केरळी सिरियन कुटुंबांचा उपवास सोमवारीच सुरू झाला. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राखेपेक्षा प्रार्थनासभांवर आणि उत्तम शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर होणाऱ्या प्रवचनांवर भर असतो.

कॅथॉलिकांना सक्तीचा उपवास दोनच दिवस आहे: आज आणि उत्तम शुक्रवारी. 18 ते 59 वयाच्या माणसाने एकदाच पोटभर जेवायचे, आणखी दोनदा थोडेसे खायचे. या दोन्ही दिवशी आणि उपवासकाळातल्या इतर शुक्रवारी मांस वर्ज्य. नियम सोपा आणि पळवाटही सोपी. मटण टाळून पापलेट तळले तर नियम मोडत नाही, खिशाला मात्र मटणापेक्षा मोठी चाट बसते. पुणेकराला हे समजावून सांगायला नको. साबुदाणा वडा, बटाट्याचा कीस आणि वर उपवासाची मिसळ, अशा थाटात आपले उपवास साजरे होतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपणच आपल्याला सांगून ठेवले आहे.

पळवाटेपेक्षा मोठा धोका देखाव्याचा. आज मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात. उपवास करताना तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, असे येशू त्यात बजावतो. हे ऐकायचे आणि कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख घेऊन रस्त्यावर यायचे! ही अडचण आहे, आणि ती असावीच. राख लावली म्हणजे झाले, असे समजणाऱ्याला ती स्वस्थ बसू देत नाही.

लोकांना दाखवण्यासाठीचे प्रायश्चित्त पुण्याने पाहिलेले आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली शहरातल्या प्रतिष्ठित हिंदूंपुढे चहा-बिस्किटे आली; ख्रिस्त्यांच्या हातचे घेणे म्हणजे धर्म बाटणे, असा तो काळ. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पाप एक कप चहाचे आणि प्रायश्चित्त गावाचे तोंड बंद करण्यासाठी. आज त्याच पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात उपवासकाळाच्या प्रार्थना होतात, तेव्हा प्रश्न उलटा असतो: कुणी काही विचारत नसताना आपण काय बदलणार?

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन गोष्टी परंपरेने एकत्र बांधल्या आहेत, त्या यासाठीच. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात उपवासाची रीत चक्क हिशेबाची आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यावे, एरवी जे जेवलो असतो त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. त्याच्या कितीतरी शतके आधी यशया संदेष्ट्याने, उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांना फटकारले होते.

तो फटका आपल्याही घरापर्यंत पोहोचतो. उपवास आपला असतो, पण बटाटे किसणे, दाणे भाजून कूट करणे, घरच्या उपवास नसलेल्यांसाठी वेगळा स्वयंपाक करणे, हे सारे स्वयंपाकाच्या मावशींच्या वाट्याला येते. आपण एक वेळ जेवत नाही, त्या दिवशी त्यांचे काम दुप्पट होते आणि पगार तेवढाच राहतो.

म्हणून उपवास कोणत्याही धर्माचा असो, महिन्याच्या जमाखर्चात त्याचीही एक ओळ असावी: किती वाचले आणि ते कुणाच्या हाती गेले. त्या ओळीपुढे शून्य आले, तर आपण फार तर डाएट केले. त्याला उपवास म्हणू नये.