घोडीचे आतील गळू आणि अर्धवट उपचार

औंध आणि त्याच्या आसपासच्या खटाव, माण व आटपाडी या कमी पावसाच्या मुलखात पशुधनाचा विषय निघाला म्हणजे खिलार बैल आणि दख्खनी मेंढी यांचीच नावे प्रथम घेतली जातात. दिवाळीनंतर मेंढपाळाचा वाडा चराईसाठी हलू लागला म्हणजे पाल, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लहान मूलही जिच्या पाठीवर चढते, त्या घोडीचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. ती आडवी झाली म्हणजेच तिच्या आजाराची दखल घेतली जाते. ह्या दुर्लक्षाचे सर्वांत महाग पडणारे फळ म्हणजे घोड्याच्या शरीराच्या आत होणारे गळू होय.

ह्या गळवाचे एक मोठे कारण म्हणजे घशाच्या गाठींचा सांसर्गिक रोग. पशुवैद्यक ह्यास ‘स्ट्रँगल्स’ म्हणतात. ‘स्ट्रेप्टोकॉकस इक्वी’ या जंतूमुळे तो होतो. संसर्गानंतर सुमारे ३ ते १४ दिवसांत घोड्यास १०३ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो, नाकातून घट्ट पू वाहतो आणि जबड्याखालील व घशामागील गाठी सुजून पिकतात. बहुतेक जनावरांत गाठी फुटून पू निघून जातो व जनावर बरे होते. म्हणूनच ‘गाठ फुटली, रोग गेला’ असा समज रूढ झाला आहे.

हा समज बहुतेक वेळा खरा ठरतो आणि त्यातच धोका आहे. काही जनावरांत जंतू रक्तावाटे अथवा लसीकेवाटे पसरून फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड किंवा आतडी धरून ठेवणारा पडदा यांत घर करतात आणि तेथे गळू होते. आयुर्वेदात माणसाच्या अशा विकारास अंतर्विद्रधी हे नाव आहे. बाहेरचे गळू डोळ्यांस दिसते, हातास लागते. आतले गळू केवळ लक्षणांवरून ओळखावे लागते.

ही लक्षणे सौम्य असतात. घोडी दिवसेंदिवस वाळत जाते, तोबरा अर्धा टाकते, ताप येतो आणि जातो. गळू पोटात असेल तर ती अधूनमधून पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे पाहते. छातीत असेल तर श्वास जलद होतो. पोटातील जंत किंवा दातांचा दोष समजून आठवडे निघून जातात. गाठी फुटून गेल्यावर काही आठवड्यांनी घोडी अशी खंगू लागली, तर ते आतील गळू असू शकते हे ध्यानात ठेवावे. रक्ततपासणी, गुदमार्गे हाताने तपासणी आणि सोनोग्राफी यांच्या साहाय्याने पशुवैद्यकास निदानाकडे जाता येते. डाग देऊन किंवा लेप लावून मात्र आतल्या गळवास काहीही होत नाही. घोडीस वेदना तेवढ्या होतात.

ह्या जंतूवर पेनिसिलीन आजही गुणकारी आहे. मग घोडी दगावते का? गळवाभोवती जाड आवरण असते, आतील पू घट्ट असतो आणि तेथे रक्ताचा पुरवठा नसतो. म्हणून औषध आत फार थोडे पोहोचते. तीन-चार दिवसांच्या सुयांनी ताप उतरतो, घोडी खाऊ लागते, आणि मालक उपचार थांबवितो. गळू मात्र तसेच राहते. अशा गळवावर उपचार कित्येक आठवडे आणि प्रसंगी महिने चालवावा लागतो. तो केव्हा थांबवावयाचा हे ताप आणि रक्ततपासणी पाहून पशुवैद्यकानेच ठरवावयाचे असते. इतके करूनही प्रत्येक घोडी वाचेलच असे नाही. पण अर्धवट उपचारात खर्च होतो आणि घोडीही जाते.

घशाच्या गाठी पिकण्यापूर्वी पेनिसिलीन दिल्याने रोग आत जातो, असे पुष्कळांचे मत आहे. हे मत पुराव्याने सिद्ध झालेले नाही. तथापि साध्या रोगात औषधाने गाठी पिकण्यास विलंब लागतो व अंगी येणारी प्रतिकारशक्ती कमी पडू शकते, म्हणून तेथे सरसकट सुई टोचणे योग्य नव्हे. आतील गळवाची गोष्ट निराळी. तेथे औषधावाचून गत्यंतर नाही.

‘इतका खर्च करण्यापेक्षा घोडी बाजारात काढावी’ असे म्हटले जाते. फिरस्त्या मेंढपाळाची अडचण खरी आहे. परंतु गाठींचा रोग झालेली घोडी पुसेगाव किंवा खरसुंडीच्या जत्रेत उभी केली, तर ती अनेक वाड्यांत रोग पोहोचवील. बरे दिसणारे काही घोडेही महिनोन्‌महिने जंतू बाळगून असतात.

खरा प्रश्न आहे तो उपचारातील सातत्याचा. वाडा आठ दिवसांत तालुका ओलांडतो आणि उपचार मागे राहतो. यावर साधा उपाय म्हणजे उपचारपत्रिका. रोगाचे नाव, औषध, मात्रा, दिलेले दिवस आणि उरलेले दिवस एका कागदावर लिहून तो मेंढपाळाच्या हाती द्यावा. पुढच्या दवाखान्याने तो पाहून उपचार पुढे चालवावा. विस्तार कार्यकर्त्याने वाड्याच्या वाटेवरील दवाखाने आणि फिरत्या पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक त्यावर लिहून दिल्यास कागदास अर्थ येईल.

रोग टाळण्याचा भार पंचायतीनेही उचलावा. ज्या औंधात भवानराव पंतप्रतिनिधींच्या राजवटीत १९३९ साली गावाचा कारभार पंचायतीकडे सोपविण्यात आला, तेथे हे नव्याने सांगावयास नको. आजारी घोड्यासाठी गावाबाहेर निराळी जागा व निराळे पाणी असावे. तोबरा, बादली, लगाम व खरारा दुसऱ्या जनावरास वापरू नयेत. सोबतच्या घोड्यांचा ताप रोज पाहावा. जंतू नाकातून पडू लागण्यापूर्वी एक-दोन दिवस ताप येतो, तेवढ्यात जनावर वेगळे करता येते.

नाकात व्रण किंवा पायांवर गाठी दिसल्यास मात्र ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. ती ‘ग्लँडर्स’ची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसासही होतो. त्यावर घरगुती उपचार करणे धोक्याचे आहे आणि त्याची खबर देणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

घोडी वाचली तर वाडा वेळेवर हलतो आणि कोकरे चाऱ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून चौथ्या दिवशी ताप उतरला तरी सुई थांबवू नये, हे सांगण्यासाठी कार्यकर्त्याने पाचव्या दिवशी पुन्हा वाड्यावर जावे.