लोखंड खोटे बोलत नाही

कचेरीच्या खिडकीवर एक वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे : 'संगणकात दिसत नाही.' उसतोडीहून परतलेले कुटुंब पोराच्या दाखल्यासाठी बीडला हेलपाटे घालते आणि या वाक्यावर मुकाट्याने माघारी फिरते. जणू संगणक म्हणजे दैवच! म्हणून आज आम्ही त्या पेटीतच शिरणार आहोत.

हार्डडिस्कवरची नोंद चुंबकाच्या अतिबारीक ठिपक्यांत असते. त्यांच्या उलटसुलट दिशांतून अक्षरे बनतात. ती वाचायची कशी? चुंबकामुळे धातूचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५७ साली मांडले. पण तो बदल अगदी थोडा होता. १९८८ साली फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्रुनबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लोखंड व क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक चढवले. फेर यांच्या थरांत, अतिथंडीत, रोध चुंबकाजवळ जवळजवळ निम्म्यावर आला.

असे का झाले? विजेचा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांची वाहतूक. प्रत्येक इलेक्ट्रॉन एक चिमुकला चुंबक असतो आणि त्यांचे दोन प्रकार. ('जात' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळतो.) चुंबकी धातूत या दोघांचे दोन वेगळे प्रवाह धरावेत, हा विचार इंग्लंडचे नेव्हिल मॉट यांनी १९३६ सालीच मांडला होता. आता लोखंडाचा प्रत्येक थर म्हणजे पहारेकरी असलेले दार समजा. पहारेकरी एका प्रकाराला सोडतो, दुसऱ्याला अडवतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही! दोन्ही दारांचा कल एकच असेल तर निदान एक प्रकार सरळ पार होतो. कल उलट असतील तर प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दारी अडखळतो आणि रोध वाढतो.

डिस्कचा ठिपका यातल्या एका थराचा कल फिरवतो, रोध बदलतो, त्यावरून अक्षर ओळखले जाते. आयबीएमने असे वाचक-टोक १९९७ साली बाजारात आणले. २००७ साली दोघांना नोबेल मिळाले. पुढे याहून संवेदनशील टोके आली, पण चुंबकी थरांचे तत्त्व तेच राहिले.

हे टोक लिहिलेले तेवढेच वाचते. नाव चुकले वा नोंदच नसली, तर बहुधा ते माणसाचे काम असते. तेव्हा खिडकीवरच नाव, आडनाव, जन्मतारीख वाचून घ्या. चूक दिसली तर दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.