झाडूचा हिशेब, कोटींचा नाही

1896 ला मुंबईत प्लेग आला. गोऱ्या सरकारनं 1897 चा साथरोग कायदा केला, वस्तीत घुसायला मोकळं रान! दोस्तांनो, तोच कायदा करोनात महापालिकेच्या कामी आला.

करोनावर साडेतीन हजार कोटींच्या वर खर्च. मार्च 2023 ला 'कॅग'चा अहवाल विधानसभेत आला. त्यात या खर्चाची तपासणीच नाही. पालिकेनं साथरोग कायदा पुढं केला, कागद दिले नाहीत. विचारणार कोण? मार्च 2022 पासून नगरसेवक नव्हते, प्रशासकाचं राज्य होतं.

मी घाटकोपरचा. टाळेबंदीत इथला कचरा उचलणारे हात आमचेच. त्यांच्याकडून झाडूचाही हिशेब घेतात. साहेबांकडून कोटींचा का नाही?

जानेवारी 2026 ला नगरसेवक निवडून आलेत. वस्तीत येतील. जयभीम नंतर घालू. आधी हिशेब मागू!