रंग चमकतो, पण धरतो का?



मृग जवळ आला की वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा भागात सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. पेरणी यंत्र बाहेर निघते, त्यावर रंगाचा हात फिरतो आणि ते नव्यासारखे दिसू लागते. पण वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असे तर नाही ना? रंगाची चमक दिसते, पकड दिसत नाही. खताची पेटी लवकर गंजते, कारण पेटीत उरलेले खत हवेतला ओलावा ओढते आणि ते खारे पाणी लोखंड खाते. मग गंजाचे पापुद्रे सुटून नळ्या तुंबतात आणि ऐन पेरणीत तास खताविना जातात.

रंगाची पकड घरच्या घरी जोखता येते. मोठ्या पुलांच्या रंगावर धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढतात आणि किती जोराला रंग सुटला ते मोजतात. आपल्याला नवे पाते आणि पारदर्शक चिकटपट्टी पुरे.

रंग आठ दिवस वाळू द्या. यंत्राच्या खालच्या, नजरेआडच्या बाजूला पात्याने लोखंड लागेपर्यंत सहा रेघा ओढा, दोन-दोन मिलिमीटर अंतराने. त्यांवर आडव्या सहा रेघा ओढा. पंचवीस चौकोन होतील. भुसा हलकेच झटका, चिकटपट्टी बोटाने घट्ट दाबा आणि मिनिटाभराने एका दमात ओढून काढा.

आता चौकोन मोजा. या चाचणीला 0 ते 5 अशी प्रत देतात. काहीच सुटले नाही तर 0. एक चौकोनभर सुटला तर 1, तीनपर्यंत 2, आठपर्यंत 3, सोळापर्यंत 4 आणि त्याहून जास्त तर 5. आपल्या कामाला 0 किंवा 1 चांगली. 3 च्या पुढे गेले तर तो रंग खरवडलेलाच बरा.

पट्टीची पाठही पाहा. तिच्यावर तांबडी भुकटी आली तर गंजावरच रंग फासला आहे. खाली स्वच्छ लोखंड उघडे पडले तर तेल-ग्रीस राहिले असावे. वरचा थर सुटून खालचा तसाच राहिला तर मधे धूळ होती किंवा खालचा थर नीट वाळला नव्हता.

उपाय सोपा आहे. धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढा, तारेचा ब्रश व पॉलिश पेपर मारा, कोरडे करा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या. तो वाळल्यावर रंग. जस्ती पत्र्यावर साधा तेलरंग थेट लावू नका. जस्ताशी मिळून त्याचा साबणासारखा थर होतो आणि रंग सालीसारखा निघतो. त्यासाठी जस्तावर चालणारे वेगळे प्रायमर मागा.

जुन्या रंगात शिसे असू शकते. खरवडताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, पृष्ठभाग ओला ठेवा आणि लेकरांना दूर ठेवा. धान्याच्या कोठीला आतून असला रंग देऊच नका.

सगळे यंत्र रंगवण्याआधी वीतभर जागेवर रंग लावून ही परीक्षा घ्या. जुने यंत्र नव्या रंगात विकत घेतानाही मालकाला विचारून खालच्या बाजूला पट्टी लावा. चाचणीच्या रेघांवर मात्र प्रायमर आणि रंग लावायला विसरू नका, नाहीतर गंज तिथूनच शिरेल.