सैन्यभरतीची कसोटी : छाती मोजताना माणूस विसरू नये

सैन्यदलात भरती होणे हे ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य तरुणांचे स्वप्न आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ ह्याच नावाने ओळखले जाते. देशसेवेची संधी, मानाचा गणवेश आणि नियमित वेतन ह्या तिन्ही गोष्टींचे मोल अल्पभूधारक कुटुंबाला मोठे वाटते. म्हणूनच भरतीची शारीरिक चाचणी न्याय्य आहे काय, आणि तिच्या निमित्ताने तरुणांना मिळणारी वागणूक माणुसकीची आहे काय, ह्याचा विचार आपण करावयास हवा.

प्रथम चाचणीचे स्वरूप पाहू. जनरल ड्युटी अग्निवीर पदासाठी महाराष्ट्रातील उमेदवाराची उंची सर्वसाधारणपणे १६८ सेंटिमीटर असावी लागते आणि श्वास भरल्यावर छाती ५ सेंटिमीटर फुगावी लागते. १.६ किलोमीटरची धाव ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करणाऱ्यास ६० गुण मिळतात, तर बीमवर १० पुल-अप्स काढणाऱ्यास ४० गुण. ९ फुटी खड्डा ओलांडणे आणि नागमोडी तुळईवरून तोल सावरत जाणे ह्यांना गुण नाहीत. मात्र त्यांत उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते.

ह्या कसोटीत मूलतः काही गैर नाही, असे आम्हांस वाटते. पाठीवर ओझे घेऊन उंच डोंगरी सीमेवर वावरणाऱ्या जवानाला बळकट शरीर हवेच. शिवाय घड्याळाला उमेदवाराचे आडनाव, जात वा धर्म कळत नाही. वशिल्याला वाव न देणारी कसोटी हा गरिबाच्या मुलाचा मोठा आधार आहे.

दोष आढळतो तो कसोटीच्या भोवतालच्या व्यवस्थेत. १ फेब्रुवारी २०११ रोजी उत्तर प्रदेशातील बरेली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या ४१६ जागांसाठी लाखाहून अधिक तरुण लोटले. परतताना रेल्वेगाडीच्या टपावर बसलेले अनेक तरुण शाहजहाँपूरजवळ पुलाला आदळून मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेत कॉपी रोखण्यासाठी अकराशेहून अधिक उमेदवारांना केवळ अंतर्वस्त्रांवर मैदानात बसविण्यात आले. हे प्रकरण पाटणा उच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई पदासाठी ६० मिनिटांत १० किलोमीटर धावण्याची अट होती. त्या भरतीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. ह्यांतील सर्वच भरत्या सैन्याच्या नव्हत्या. परंतु तिन्ही ठिकाणी रांगेत उभा असलेला तरुण एकाच वर्गातील होता. ज्याला काम हवे आहे, त्याला कसेही वागविले तरी चालते, ही समजूत ह्या सर्व घटनांच्या मुळाशी आहे. उमेदवार हा याचक नव्हे. तो देशासाठी प्राण पणाला लावण्यास सिद्ध झालेला नागरिक आहे.

गर्दीवर उपाय म्हणून सैन्याने २०२३ पासून क्रम बदलला. पूर्वी मैदानी चाचणी आधी व लेखी परीक्षा नंतर होत असे. आता संगणकावरील परीक्षा प्रथम होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलाविले जाते. त्यामुळे मैदानावरील झुंबड कमी होण्यास मदत झाली, हे मान्य करावयास हवे. परंतु ज्या पाड्यावर संगणक नाही, तेथील काटक मुलगा धावण्याआधीच बाद होण्याचा धोकाही निर्माण झाला. एक अन्याय दूर करताना दुसरा जन्मास येऊ नये.

ह्याहून गंभीर प्रश्न वयाचा आहे. अग्निवीरासाठी २०२२ मध्ये वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे ठरविण्यात आली होती. कोरोनाच्या काळात दोन वर्षे भरती थांबली, तेव्हा अनेकांची संधी कायमची हुकली. २०२२ मध्ये एकदाच कमाल मर्यादा तेवीसपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच कायम करण्याची तरतूद आहे. म्हणजे जो अपयशी ठरतो त्याच्यापुढे जो प्रश्न आज उभा राहतो, तोच यशस्वी झालेल्या अनेकांपुढे चार वर्षांनी उभा राहणार.

म्हणून पालकांना आणि गावोगावच्या युवक मंडळांना आमचे काही सांगणे आहे. मुलाने भरतीच्या तयारीस आरंभ करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून त्याचे डोळे, कान, गुडघे आणि तळपाय तपासून घ्यावेत. सपाट तळपायासारखा दोष दोन-तीन वर्षांच्या मेहनतीनंतर कळणे क्लेशदायक असते. अकादमीचे शुल्क भरताना शिक्षण सोडू देऊ नये. दम वाढविण्यासाठी कोणी गोळ्या वा इंजेक्शन सुचविल्यास ठाम नकार द्यावा. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्या दलालास दारात उभे करू नये.

शासनाकडूनही आमची अपेक्षा माफक आहे : मैदानावर पाणी, सावली, रुग्णवाहिका आणि निवाऱ्याची सोय असावी, आणि बाद झालेल्या प्रत्येकास त्याचे कारण स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. भरतीत अपात्र ठरलेला मुलगा संध्याकाळी घरी परततो, तेव्हा त्याला ‘नापास’ म्हणून हिणवू नये. काही सेकंदांच्या फरकाने त्याची एक नोकरी हुकली आहे; पहाटे उठून धावण्याची त्याची शिस्त कोठेही उपयोगी पडणारी आहे.