‘चोरून खात असंन!’

चिखली तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. विषय कर्जफेडीचा, पण बोलणं वळलं वजनावर. दोघी जावा शेजारीशेजारी बसल्या होत्या. एकाच चुलीवरची भाकर, एकाच शेतातलं निंदण. मोबाइलवर पाहून दोघींनी एकाच दिवशी ठरवलं, दोन वेळाच जेवायचं, मधलं सगळं बंद. तीन महिन्यांत थोरली उतरली, धाकटी होती तशीच राहिली. सासूनं निकाल दिला, ‘‘चोरून खात असंन!’’ नवरा रात्री डबे तपासायला लागला. धाकटी मान खाली घालून म्हणाली, ‘‘मी तं तिच्याएवढंच खातो वं बाई.’’

मैत्रिणींनो, माझा तिच्यावर विश्वास आहे. नुसत्या मायेपोटी नव्हे. कॅनडात क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. १९९० साली निष्कर्ष छापून आले. कुणी सव्वाचार किलोनं वाढला, तर कुणी तेरा किलोनं! पण एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले. म्हणजे तेच अन्न प्रत्येक शरीर वेगळ्या तऱ्हेनं वापरतं, आणि त्यात जनुकांचा मोठा वाटा असतो. जुळ्या भावांत जे साम्य, ते दोन घरांतून आलेल्या जावांत कुठून येणार?

हे कळलं की बाजार लगेच हजर. ‘थुंकी द्या, जनुकं तपासा, तुमचा खास आहार घ्या.’ हजारो रुपयांचा हा सौदा कितपत खरा? स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ जणांना वर्षभर दोन आहारांवर ठेवलं. काहींना कमी चरबीचा, काहींना कमी पिष्टाचा. २०१८ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो उतरले, पण माणसामाणसांत प्रचंड फरक. आणि निवडलेल्या जनुकांवरून कुणाला कुठला आहार लागू पडेल, ते सांगता आलं नाही. एफटीओ जनुकाचं लठ्ठपणाशी असलेलं नातं २००७ साली सापडलं. त्याचं वजन वाढवणारं रूप असणाऱ्यांचंही वजन आहारानं इतरांइतकंच उतरतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे.

आणि सगळं जनुकांवर ढकलूनही चालणार नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. शरीराची घडण आईच्या पोटातच सुरू होते. आणि ती आई कधी जेवते? सगळ्यांची ताटं उचलल्यावर, भांड्यात उरेल ते.

धाकटीचं नेमकं काय झालं? जनुकं, थायरॉइड, बाळंतपणं, अपुरी झोप, काहीही असेल. डबे तपासून ते कळणार नाही. पण आपल्याकडे बाईचं शरीर म्हणजे तिच्या चारित्र्याचा दाखला. बारीक असली तर ‘माहेरी खायला नव्हतं का?’ आणि जाड असली तर ‘चोरटी’. पुरुषाचं पोट सुटलं की मात्र ते सुखवस्तूपणाचं लक्षण!

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपल्या गटांत वजनावरून शाबासकी नको आणि टोमणेही नकोत. उपकेंद्रात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून मागा, गरज असेल तर थायरॉइडसाठी पुढची चिठ्ठी मागा. तो आपला हक्क आहे. आणि घरात बाई सगळ्यांबरोबर बसून जेवेल, तिच्याही ताटात वरण आणि भाजी पडेल, यासाठी भांडा.

त्या धाकटीच्या नवऱ्याला मी तेच सांगून आले. डबे तपासण्याआधी तिचं ताट तपास.