जेम्स कोर्टातले बिऱ्हाड

एडिनबर्ग हे पायी पाहायचे शहर. तीन दिवस काढले तर त्याचा मधला भाग वाहनाशिवाय निवांत हिंडून होतो. चढउतार भरपूर आहेत, त्यामुळे पायात चांगले बूट हवेत.

किल्ल्याचा खडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. सह्याद्रीतल्या गडांचा कातळही लाव्हाचाच, पण तो थरांवर थर साचून झालेला. इथे नळीत बसलेले बूच तेवढे उरले आहे. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला ते झिजवता आले नाही. त्याच्या आडोशाला पूर्वेकडची मऊ जमीन टिकली आणि शेपटीसारखी उतरत गेली. रॉयल माइल हा रस्ता त्या शेपटीच्या कण्यावरून होलीरूड राजवाड्यापर्यंत जातो.

किल्ल्यातले बाराव्या शतकातले सेंट मार्गारेट चॅपल ही शहरातली सर्वांत जुनी वास्तू. रविवार वगळता दुपारी १ वाजता किल्ल्यावरून तोफ उडते. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळे जुळवता यावीत म्हणून १८६१ मध्ये सुरू झालेली ही प्रथा आजही पाळली जाते.

रॉयल माइलच्या दोन्ही अंगांना ‘क्लोज’ म्हणजे अरुंद बोळ फुटतात. जागा कमी आणि माणसे फार, म्हणून इथली घरे मजल्यावर मजले चढत गेली. सधन मंडळी पुढे उत्तरेकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली आणि एकोणिसाव्या शतकात या बोळांना अवकळा आली. अशा वेळी, १८८६ मध्ये, पॅट्रिक आणि अ‍ॅना गेडिस या नवविवाहित जोडप्याने इथल्या जेम्स कोर्ट नावाच्या चौकात बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंती रंगवल्या, अंगणे स्वच्छ केली. सरसकट पाडापाडी न करता जेवढे सडले तेवढेच काढायचे आणि उजेड-वारा आत घ्यायचा, ही गेडिस यांची पद्धत होती. जुन्या शहराचा आज दिसणारा बाज टिकण्यात या दोघांचा वाटा मोठा आहे, म्हणून प्रवाशाने इथे थोडे थांबावे. किल्ल्यालगतची रॅम्से गार्डनची घरे आणि गेडिस यांनी १८९२ मध्ये हाती घेतलेला आउटलुक टॉवर जवळच आहेत. टॉवरच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगांतून बाहेरचे शहर हलत्या चित्रासारखे पांढऱ्या टेबलावर उतरते.

मराठी वाचकाला गेडिस हे नाव परके वाटू नये. गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. त्याआधी होळकरांच्या इंदूरसाठी नगररचना करताना त्यांनी प्लेगविरुद्ध दिवाळीची मिरवणूक काढली. जी वस्ती सर्वांत स्वच्छ तिच्यातून मिरवणूक जाणार, असे जाहीर होताच लोकांनी घरेदारे झाडून काढली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. अ‍ॅना यांचा मृत्यू १९१७ मध्ये भारतातच झाला.

जुन्या शहरात पहिला दिवस गेला की नव्या वस्तीला दुसरा दिवस पुरे. जेम्स क्रेग याच्या १७६७ च्या आराखड्यानुसार तिचे सरळ रस्ते आखले गेले. जुनी आणि नवी वस्ती मिळून १९९५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. दोन्हींच्या मधल्या बागेच्या जागी पूर्वी घाण पाण्याचे तळे होते. बागेतल्या लेखक स्कॉट यांच्या स्मारकाची उंची सुमारे ६१ मीटर असून आतला जिना फारच अरुंद आहे.

तिसरा दिवस आर्थर्स सीट या २५१ मीटर उंचीच्या टेकडीसाठी ठेवावा. तिच्या अंगच्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यात गाळाच्या थरांमध्ये घुसलेला तप्त खडक पाहून भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांच्या पृथ्वीच्या अफाट वयाविषयीच्या विचाराला बळ मिळाले. माथ्यावरून किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंतची सारी शेपटी आणि पलीकडे फोर्थची खाडी दिसते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा टेकडी सकाळीच चढावी.